लालबागच्या काळातील विलायती मोटारी आणि त्यांचे वंगण

इंदूरमध्ये कान्ह नदीच्या काठी असलेला लालबाग राजवाडा १८८६ ते १९२१ या काळात टप्प्याटप्प्याने बांधला गेला. मोटारीचा शोध आणि तिचे हिंदुस्थानातले आगमन याच पस्तीस वर्षांतले. वाड्याचा पाया घातला तेव्हा राजेरजवाड्यांची ने-आण बग्गीतून होत होती; काम पुरे झाले तेव्हा संस्थानांत विलायती मोटारी रुळल्या होत्या. लालबागचे लोखंडी फाटक जसे इंग्लंडहून आले, तशीच मोटार, तिची माहितीपुस्तिका आणि त्या पुस्तिकेने नेमून दिलेले तेलही तिकडूनच येई. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी १९२६ मध्ये गादी सोडली. त्यांचे पुत्र यशवंतराव मोटारींचे मोठे दर्दी होते. त्यांच्या ड्यूसेनबर्ग एसजे या अमेरिकी गाडीची बॉडीसुद्धा लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने बांधली होती.

वंगणाची गरज मोटारीबरोबर आली नाही. बैलगाडीच्या आसाला आणि रेल्वेच्या यंत्रांना एरंडेल वापरण्याची पद्धत देशात जुनीच होती. तेच एरंडेल मोटारीच्या आणि विमानाच्या इंजिनातही गेले. १८९९ मध्ये सी. सी. वेकफील्ड यांनी लंडनमध्ये वंगणाची कंपनी काढली आणि १९०९ मध्ये एरंडेलयुक्त तेल ‘कॅस्ट्रॉल’ या नावाने बाजारात आणले. एरंडेल तापलेल्या धातूला चिकटून राहते, म्हणून शर्यतीच्या गाड्यांना ते मानवले. पण ते खनिज तेलात नीट मिसळत नाही आणि कालांतराने त्याचा चिकट थर साचतो. रोजच्या वापराच्या गाड्यांत म्हणून खनिज तेलच टिकले.

त्या काळच्या मोटारीत इंजिनातले तेल पाहणे हा कामाचा केवळ एक भाग होता. स्प्रिंगांचे सांधे, स्टिअरिंगचे जोड, ब्रेकचे दांडे अशा अनेक ठिकाणी तेल किंवा ग्रीस द्यावे लागे आणि त्यासाठी माणसाला गाडीखाली शिरावे लागे. रोल्स-रॉइसने १९२९ च्या फँटम-२ मध्ये यावर मध्यवर्ती वंगणाची सोय केली. ड्रायव्हरने पायाने एक पेडल दाबले की पंपातून बारीक नळ्यांवाटे चेसिसच्या सांध्यांना तेल पोहोचे. मात्र एखादी नळी धुळीने किंवा साक्याने बुजली, तर तो सांधा कोरडा पडे आणि ड्रायव्हरला त्याचा पत्ताही लागत नसे.

कोणते तेल घालावे, याचा निर्णय पुढे आकड्यांवर आला. अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने १९११ मध्ये तेलाच्या दाटपणाची वर्गवारी केली. आकडा जितका मोठा, तितके तेल दाट. ब्रिटिश मोटार कॉर्पोरेशनच्या पुस्तिकांतील तक्त्यात उष्ण हवेसाठी आणि शून्य अंश सेल्सियसपर्यंतच्या समशीतोष्ण हवेसाठी एसएई ३०, त्याहून कडक थंडीसाठी २०डब्ल्यू सांगितलेले असे. मागच्या आसाच्या गिअरांना हायपॉइड ९० लागे. पहिल्या रकान्यात कॅस्ट्रॉल एक्सएल, शेल एक्स-१००, एसोल्यूब, मोबिलऑइल अशी नावे ओळीने छापलेली असत. माळव्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पण हिवाळ्यातही शून्याला क्वचितच टेकतो. इंदूरच्या मोटारचालकाला त्यामुळे तक्त्यातला थंडीचा रकाना उपयोगाचा नव्हता.

स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश गाड्या भारतातच बनू लागल्या. मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेली अँबॅसडर १९५७ पासून उत्तरपाड्यात तयार होऊ लागली आणि २०१४ पर्यंत चालली. स्टँडर्ड हेरल्ड १९६१ पासून मद्रासमध्ये बनू लागली. हेरल्डच्या पुढच्या चाकांजवळ, खालच्या बाजूला, ट्रनियन नावाचा सांधा असतो. चाक वळते तेव्हा उभ्या दांड्याचे आटे या सांध्यात फिरतात. तिथे ग्रीस नव्हे, तर हायपॉइड ९० तेल भरावे, असे कारखान्याचे सांगणे होते. बाहेरून मात्र तेल भरण्याचे तोंड ग्रीस निपलसारखेच दिसते, म्हणून ग्रीसगन लावली जाई. ग्रीस आट्यांत नीट पोहोचत नाही. पाणी शिरते, गंज धरतो आणि शेवटी दांडा मोडून चाक आडवे पडते.

दरम्यान तेलाचा बाजारही बदलला. १९७४ मध्ये एसो या तेल कंपनीचा भारतातील कारभार सरकारकडे आला आणि हिंदुस्तान पेट्रोलियम उभी राहिली. १९७६ मध्ये बर्मा-शेल सरकारी झाली आणि तिचीच पुढे भारत पेट्रोलियम झाली. इंडियन ऑइलने १९७२ मध्ये सर्व्हो हे नाव आणले होते. पुस्तिकेतील बरीच नावे दुकानातून गेली. मिस्त्रीच्या हाती उरला तो एसएईचा आकडा.

तेलाची जातही बदलत गेली. १९५९ च्या मिनीमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांना एकच तेल होते. गिअरांचे दाते मल्टिग्रेड तेलातील लांब रेणू तोडतात, म्हणून ब्रिटनमध्ये डकहॅम्सच्या हिरव्या २०-५० सारखी दाट तेले लोकप्रिय झाली. पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. तेलातील फॉस्फरस त्यांची क्षमता कमी करतो, म्हणून नव्या पातळ तेलांत जस्त-फॉस्फरसयुक्त द्रव्याचे प्रमाण उतरवले गेले. जुन्या इंजिनात मात्र कॅमशाफ्ट आणि सपाट टॅपेट यांची झीज तेच द्रव्य रोखते.

त्यामुळे आज जुन्या ब्रिटिश गाडीसाठी तेल निवडताना चार गोष्टी पाहाव्या लागतात. इंजिनाला २०डब्ल्यू-५० सारखे, जस्त-फॉस्फरस पुरेसे असलेले तेल घ्यावे. पितळी सिंक्रो असलेल्या गिअरबॉक्सला जीएल-५ ऐवजी जीएल-४ द्यावे, कारण जीएल-५ मधील जास्तीचे गंधकयुक्त घटक पितळेला मारक ठरू शकतात. एसयू कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये पातळ, २० ग्रेडचे तेल घालावे. वर्षानुवर्षे साध्या तेलावर चाललेल्या, गाळ साचलेल्या इंजिनात मळ सोडवणारे डिटर्जंट तेल घालण्याआधी संप उघडून साफ करावा. नाहीतर सुटलेला गाळ तेलाच्या वाटा बुजवतो. पुस्तिकेत छापलेले ब्रँडचे नाव आता मिळेलच असे नाही, पण तिच्यात दिलेला दाटपणा आणि त्या भागाचे काम जुळले की योग्य तेल आजच्या दुकानातही सापडते.