दगडातील पेशी वाचण्याची विद्या

दख्खनच्या लाव्हाचे थर एकावर एक चढत असताना, दोन उद्रेकांमधल्या शांत काळात तळ्यांत जो गाळ बसला, त्यास भूशास्त्रात आंतरप्रवाही थर म्हणतात. नागपूर परिसरातील या थरांतले जीवाश्म मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जमवले. पण जमवणे निराळे आणि वाचणे निराळे. ही वाचनविद्या केंब्रिजला वनस्पतिशास्त्रज्ञ सीवर्ड यांच्याकडे शिकलेल्या पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी १९२१ पासून लखनौ विद्यापीठात रुजवली.

छिंदवाड्याजवळील मोहगाव कलानच्या अशाच थरांतला चर्ट, म्हणजे गारगोटीच्या जातीचा कठीण दगड, कापून, घासून गुळगुळीत केला आणि सिलिका विरघळवणाऱ्या हायड्रोफ्लोरिक आम्लात थोडा वेळ धरला, की वनस्पतीच्या पेशीभित्तिका पृष्ठावर किंचित उभ्या राहतात. मग त्यावर सेल्युलोजचे द्रावण ओतून, वाळलेला पापुद्रा अलगद सोलला असता पेशी त्याला चिकटून सूक्ष्मदर्शकाखाली येतात. आम्लात दगड थोडा जास्त राहिला तर तो थर कायमचा गेला, म्हणून या विषयात हाताचा संयम लॅटिन नावांच्या पाठांतराहून मोलाचा ठरतो.

अशाच वनस्पती-अवशेषांच्या, विशेषतः ताडकुळातील फळांच्या, आधारे साहनी यांनी हे थर क्रिटेशियस नव्हे तर त्यानंतरच्या तृतीयक युगाचे असल्याचे मांडले. आज मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे या दोन युगांच्या सीमेवरचेच, मानले जातात.