अफझलखानाचा पोवाडा आणि तुळजापूरचा मुलूख

सोलापूर-हैदराबाद मार्गावरील जळकोट, जवळचे नळदुर्ग आणि तालुक्याचे ठिकाण असलेले तुळजापूर हा मुलूख एके काळी विजापूरच्या आदिलशाहीत होता. या मुलखाची देवी भवानी आणि तिचा जागर घालणारे गोंधळी, म्हणजे संबळ-तुणतुण्याच्या साथीने दिवटीच्या उजेडात देवीचे नाव आळवणारे उपासक-गायक, यांच्या परंपरेशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली शिवाजी महाराजांच्या हातून झालेल्या, आदिलशाही सरदार अफझलखानाच्या वधाच्या पोवाड्याचे नाते आहे. त्याचा कर्ता गोंधळी मानला जातो. त्याचे नाव अज्ञानदास की अगिनदास याबद्दल पाठभेद आहेत, तर जिजाबाईंच्या आज्ञेवरून रचना झाल्याचा दावा पोवाड्यातच आहे.

खानाने स्वारीच्या वाटेवर तुळजापूरच्या देवस्थानास उपद्रव दिला, ही कथा वादाच्या केंद्रस्थानी आहे. सभासदाच्या बखरीत मूर्तिभंजनाचे वर्णन आहे. मात्र ही बखर घटनेनंतर तीन दशकांहून अधिक काळाने लिहिली गेली. पोवाडा त्याहून जुना असला, तरी तो श्रोत्यांना चेतवण्यासाठी रचलेला आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आला आहे, म्हणून त्यातील प्रत्येक तपशील पुरावा म्हणून घेणे धोक्याचे ठरते. पण त्यातून व्यक्त होणारा भवानीभक्तांचा संताप मात्र खरा आहे.

एकोणिसाव्या शतकात या विषयाला नवे धनी मिळाले. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर स्वतःचा पोवाडा रचून त्यांना शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभे केले. १८९१ मध्ये अ‍ॅक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह जुने पोवाडे छापले. आणि जून १८९७ च्या पुण्यातील शिवोत्सवात टिळकांनी खानवधाचे समर्थन केले, ज्याचा वृत्तांत ‘केसरी’त आल्यानंतर त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला जाऊन त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

पुढे या प्रसंगाला हिंदू-मुसलमान संघर्षाचे एकरंगी रूप देण्यात आले, ते इतिहासाला धरून नाही. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता, त्याच्या फौजेत मराठे सरदार होते आणि महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. शिवाय पोवाड्याची परंपरा कोणा एका धर्माची राहिली नाही. शेजारच्या बार्शीत जन्मलेल्या शाहीर अमर शेखांनी ती कामगारांच्या लढ्यात आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजवली. म्हणून या पोवाड्याचा एखादा तुकडा सभेत फेकण्यापूर्वी वक्त्यांनी तो संपूर्ण वाचावा, आणि अभ्यासकांनी तुळजापूर ज्या जिल्ह्यात येते त्या धाराशिवच्या गोंधळ्यांचे गायन, गाणाऱ्यांच्या नावांसह, वेळीच ध्वनिमुद्रित करावे.