सातपुड्याच्या पायथ्याचे उपासना-संगीत

गिटार, कीबोर्ड आणि ढोल एकत्र घेऊन स्वतः रचलेली स्तुतिगीते गाणारे, कोणत्याही मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीशी बांधलेले नसलेले ख्रिस्ती गायकसंच हा अगदी अलीकडचा प्रकार समजला जातो आणि त्याचे मूळ बहुधा १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत उदयाला आलेल्या, रॉक संगीताच्या वळणाच्या भक्तिगीतांत शोधले जाते. नंदुरबार जिल्ह्यापुरते पाहिले तर हा शोध फार उशिरा सुरू होतो आणि चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. येथील मंडळ्यांच्या, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती उपासक-समाजांच्या, गाण्यात अहमदनगरचे कीर्तन, स्वीडनमधील धर्मजागृतीची गीते आणि सातपुड्यातील ढोल या सर्वांचा वाटा आहे. यांपैकी ढोलाला उपासनेत जागा मिळणे हाच या इतिहासातील सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय.

१९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले, तेव्हा नंदुरबार, नवापूर, तळोदे हा भाग पश्चिम खानदेशात गेला. छप्पन्याच्या दुष्काळाने हा प्रदेश नुकताच पोळून निघाला होता आणि सुरतेहून तापीच्या खोऱ्यात शिरणाऱ्या लोहमार्गामुळे तो बाहेरच्या जगाशी जोडला गेला होता. स्वीडनमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक फ्रॅन्सन यांनी १८९० मध्ये शिकागो येथे स्थापलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे कार्य विसाव्या शतकाच्या आरंभी खानदेशात रुजले, नंदुरबारच्या एस. ए. मिशन हायस्कूलच्या नावात ती खूण आजही टिकून आहे. फ्रॅन्सन यांच्यावर मूडी आणि सँकी या अमेरिकन धर्मप्रचारक जोडीच्या सभांचा गाढ प्रभाव होता, आणि त्या सभांत प्रवचनाइतकेच महत्त्व साध्या, लगेच तोंडात बसणाऱ्या सामूहिक गीतांना होते. शिवाय स्वीडनमधील राज्यमान्य चर्चबाहेरच्या मंडळ्यांत गिटार आणि मँडोलिन वाजवीत गाणाऱ्या वृंदांची प्रथा होती. म्हणजे ज्या धर्मपरंपरेतून हे मिशन आले, तिला गिटार परके नव्हते. आज तरुणांचे म्हणून ओळखले जाणारे हे वाद्य तिच्यात कितीतरी आधीपासून उपासनेचे वाद्य होते.

मराठीत मात्र गाण्याची सामग्री नगरकडून आली. १८३१ पासून अहमदनगरला काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये हेन्री बॅलंटाइन यांनी पाश्चात्य चालींवर मराठी गीते बांधली, पण त्या चालींत अक्षरांची संख्या आणि आघातांच्या जागा आधीच ठरलेल्या असल्याने मराठी शब्दांची ओढाताण होई. ही अडचण ओळखून कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाची रीत उचलली, आणि पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाला ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे येतात. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक कानाला आधार देते आणि आखूड चौथा चरण टाळकऱ्यांना ओळ उचलण्यासाठी जागा करून देतो. वाचता न येणाऱ्या मंडळीलाही अशी रचना पाठ होते. ‘उपासना संगीत’ या सामाईक गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा जो मोठा वाटा आहे, त्याचे एक कारण या सोयीत आहे.

परंतु नवापूरच्या मावचीभाषकांना किंवा अक्राणीच्या पावरांना मराठी हीच मुळात शाळेची आणि कचेरीची भाषा होती. त्यांचे स्वतःचे गाणे एकाने ओळ सोडावी आणि घोळक्याने ती उचलावी अशा रीतीने, पायांच्या ठेक्यावर चालते. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळीत हे जवळून दिसते: कमरेला सुक्या दुधीभोपळ्यांच्या आणि घुंगरांच्या माळा, डोक्यावर मोरपिसांचा टोप घातलेले बुध्या नावाचे नर्तक मोठाल्या ढोलांच्या नादावर रात्रभर नाचतात आणि पहाटे होळी पेटते. ज्या ढोलाचा संबंध असा होळीशी, देवांच्या पूजेशी आणि मोहाच्या दारूशी जडलेला, तो जसाच्या तसा मंडळीत आणणे नव्याने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना सोपे नव्हते. ज्या जीवनक्रमातून ती बाहेर पडली होती, त्याचाच तो आवाज होता. या संकोचाला नुसता परकीय धर्मोपदेशकांचा दुराग्रह म्हणणे त्या कुटुंबांवर अन्याय करणारे ठरेल.

सामूहिक गाण्याच्या बळावर जीवनक्रम बदलण्याचा प्रयत्न याच मुलखात ख्रिस्ती मंडळ्यांच्या बाहेरही झाला. तळोदे भागातील मोरवड येथे गुला महाराजांनी १९३८ च्या सुमारास सुरू केलेल्या आरती चळवळीत हजारो भिल्ल एकत्र जमून आरती म्हणत आणि दारू व मांस सोडण्याचा निश्चय करीत. त्यांच्या निधनानंतर रामदास महाराजांनी ती पुढे नेली. दोन्ही ठिकाणी श्रद्धा निराळ्या होत्या, तरी व्यसन सोडलेल्या माणसाला पुन्हा एका घोळक्यात उभे करण्याचे काम गाणेच करीत होते, आणि मिशनच्या इतिहासलेखनात या साम्याकडे फारच थोडे लक्ष दिले गेले आहे.

ढोलाचा ठेका उपासनेत परतण्याची वाट लग्नांच्या बँडने मोकळी केली. नवापूरपासून व्यारा-सोनगढपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ध्वनिवर्धकांच्या भिंती घेऊन वाजणारे बँड लोकप्रिय झाले, आणि पारंपरिक ताल कातड्याच्या वाद्यावरून विजेच्या वाद्यावर उतरला. ताल तोच राहिला, परंतु होळीच्या विधीशी असलेले त्याचे नाते सैल झाले, त्यामुळे मंडळीतील तरुणांना तो घेता आला. मावची, भिल्ली, पावरी या बोलींतील ख्रिस्ती गीते आज याच ठेक्यावर गायली जातात. याच्याशी ताडून पाहण्यासारखे एक उदाहरण आहे: २००० साली ख्रिस हेल आणि पीट हिक्स यांनी स्थापलेल्या ‘आराधना’ या संचाने सतार आणि गिटार घेऊन येशूवरील हिंदी भजने जगभर नेली. तेथे बाहेरून आलेले कलावंत भारतीय भजनाकडे वळले, तर नंदुरबारमध्ये भजन-अभंगाच्या शिस्तीत वाढलेली माणसे आपल्या गावच्या तालाकडे वळली, आणि हे दुसरे वळण अधिक अवघड होते.

या गीतांचा प्रदेश राज्याच्या सीमेपाशी थांबत नाही. नवापूरचे रेल्वे स्थानक महाराष्ट्र आणि गुजरात अशा दोन राज्यांत विभागलेले आहे, आणि सीमेच्या अलीकडचे गावित व पलीकडचे गामित एकमेकांना सहज समजणाऱ्या बोली बोलतात. मात्र अलीकडे ही बोली देवनागरीत लिहिली जाते आणि पलीकडे गुजराती लिपीत, त्यामुळे एकत्र गाऊ शकणाऱ्या मंडळ्यांना एकमेकांच्या गीतांच्या वह्या वाचता येतीलच असे नाही.