सहकुटुंब पाहण्याजोगा

वृत्तपत्रांतील चित्रपटांच्या जाहिरातींत ‘सहकुटुंब सहपरिवार पाहावा’ हे शब्द ठसठशीत अक्षरांत छापले जात, त्या काळी एखादा हेरगिरीचा विनोदी चित्रपट मुलांना दाखवावा की नाही, हा प्रश्न केवळ सरकारी दाखल्याने सुटला असे गिरगावच्या चाळीत कोणी मानीत नसे. तो सुटे गॅलरीत, कठड्याला टेकून, पहिला खेळ पाहून आलेल्या एखाद्या काकांच्या तोंडून. ‘न्या पोरांना. मारामारी आहे, पण वावगं काही नाही,’ एवढा निवाडा झाला की तिकिटांचे पैसे डब्यातून निघत. या निवाड्यातला ‘पण’ मला फार अर्थपूर्ण वाटतो. कारण सरकारच्या कायद्याचा जन्म मारामारीच्या, बंडाळीच्या, सुव्यवस्था बिघडण्याच्या भयातून झाला, आणि चाळीच्या कायद्याचा जन्म झाला तो वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून पडद्याकडे पाहताना वाटणाऱ्या संकोचातून.

कायदा येण्यापूर्वीही मुले चित्रपट पाहतच होती. दादासाहेब फाळके १९१०-११ च्या सुमारास गिरगावातील अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये प्रथम गेले ते थोरल्या मुलाचे, भालचंद्राचे, बोट धरून. घरी सांगितलेल्या नवलावर कोणाचा विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी सारे कुटुंबच नेले, आणि ईस्टरचे दिवस असल्याने त्या दिवशी पडद्यावर ख्रिस्तचरित्र निघाले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे दादरच्या बिऱ्हाडी सिद्ध होऊन ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये हाच भालचंद्र रोहिदास झाला. राज्यभ्रष्ट राजा, विकली गेलेली राणी, मेलेले मूल आणि स्मशान, एवढे सारे त्या कथेत होते. तरी तिला ना दाखला होता, ना वयाची अट. आजच्या तपासनिसापुढे ती रिळे ठेवली तर त्याची लेखणी क्षणभर अडखळल्यावाचून राहणार नाही.

१९१८ साली चित्रपटांचा कायदा झाला आणि १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे परीक्षण मंडळे बसली. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्षपद पोलीस कमिशनरांकडे असावे, यातच सरकारच्या मनाचा सारा कल उघड होतो. टी. पी. ओ’कॉनर या ब्रिटिश परीक्षण मंडळाच्या अध्यक्षाने ४३ आक्षेपार्ह बाबींची जी यादी केली होती, तिचाच कित्ता येथे गिरवला गेला. दादरच्या कोहिनूर कंपनीच्या ‘भक्त विदुर’वर १९२१ साली मद्रास आणि कराचीत बंदी आली, ती विदुराच्या वेषात गांधीजींची छाया दिसली म्हणून, तेथे बालमनाची चिंता कोण करतो!

त्या बालमनाला खरोखर वेड लावले ते परळने. लवजी कॅसल या वाडियांच्या जुन्या वाड्यात १९३३ साली वाडिया मूव्हीटोन उभी राहिली आणि १९३५ च्या ‘हंटरवाली’त नाडियाबाई मुखवटा चढवून, हातात चाबूक घेऊन, दुष्टांचा समाचार घेत धावू लागल्या. दिवसा राजकन्या आणि एरवी बुरख्याआडची न्यायदेवता, ही जी दुहेरी ओळखीची गंमत, तीच पुढे हेरपटांचा प्राण झाली. सुशिक्षित घरांत या ‘स्टंट’पटांना हलके म्हणत, पण हलके म्हणजे घाणेरडे नव्हे, हा भेद गिरणगावातील आयांना पुरता ठाऊक होता, मुलगा फार तर जिन्यावरून उडी मारून गुडघा फोडून घेईल, एवढाच त्यांचा हिशेब असे. पुढे १९४२ साली त्याच जागेत शांतारामबापूंची राजकमल ही चित्रसंस्था आली आणि मुखवट्यांचा तो कारखाना तेथून हलला.

‘केवळ प्रौढांसाठी’ ही वर्गवारी कायद्यात आली ती १९४९ साली. १९५१ मध्ये प्रांतोप्रांतीची मंडळे मोडून एक केंद्रीय मंडळ झाले, आणि पुढे अनेक वर्षे त्याचे दप्तर गिरगाव चौपाटीवरून चढून गेल्यावर लागणाऱ्या वाळकेश्वर रस्त्यावर होते. चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर येणारा तो दाखला चाळीतील पोरे मोठ्या निष्ठेने वाचीत, मात्र वयाच्या शिक्क्यासाठी नव्हे, ‘सोळा रिळं!’ असा पुकारा होई आणि पैसे वसूल होणार याची खात्री पटे. त्या दाखल्यावर इंग्रजी ‘यू’चा देवनागरी जोडीदार ‘अ’, म्हणजे अनिर्बंधित, आणि ‘ए’चा जोडीदार ‘व’, म्हणजे वयस्क; हा ‘अ’ पाहून किती सोवळ्या आजोबांनी नातवाला उठवून बाहेर नेले असेल, कोण जाणे. दारावर वयाची तपासणी करायची ती डोअरकीपरने, आणि त्याचे प्रमाण एकच: ओठांवरची मिसरूड.

साठीनंतर हेरपटांचा सुकाळ झाला. १९६७ च्या ‘फर्ज’मध्ये जितेंद्र एजंट ११६ झाला आणि १९६८ च्या ‘आँखें’मध्ये धर्मेंद्राच्या हेरगिरीला मेहमूदच्या विनोदाची जोड मिळाली. पिस्तुलांचे बार, गुप्त दरवाजे आणि मधूनच हशा, या मिश्रणाला घराघरांतून सहज मुभा असे. अडखळण व्हायची ती क्लबातल्या नाचाशी, आणि त्यावर तोडगाही तयार असे. नेमक्या वेळी आईला पाणी हवे होई व मुलाला बाहेर पिटाळले जाई. याच सुमारास ख्वाजा अहमद अब्बास यांच्या चार शहरांवरील माहितीपटाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. मुंबईतील वेश्यावस्तीच्या काही दृश्यांमुळे मंडळाने त्याला प्रौढांचा शिक्का देऊ केला होता, आणि अब्बासांना सार्वत्रिक दाखला हवा होता. दावा चालू असतानाच सरकारने तो दिला, पण १९७० च्या निकालाने चित्रपटांचे वयानुसार वर्गीकरण वैध ठरवले. ती वस्ती गिरगावातल्या पोरांना पायी जाण्याच्या अंतरावर होती, याची दखल अर्थातच कायदा घेत नाही.

खरा पेच पडला दादा कोंडक्यांपाशी. नायगावच्या या सुपुत्राचा ‘सोंगाड्या’ १९७१ मध्ये आला आणि १९७५ चा ‘पांडू हवालदार’ तर पोलीस आणि चोरटा माल यांचीच कथा. त्यांच्या द्व्यर्थी संवादांवरून परीक्षकांशी त्यांचे खटके उडत. आणि गंमत अशी, की दुसरा अर्थ मुलाला कळतच नाही. ते हसते विजारीच्या लोंबत्या नाडीला, आणि लाजते शेजारची आई. मग चित्रपट अयोग्य कोणाला, मुलाला की आईला? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही नियमावलीत नाही, आणि माझ्या मते चाळीचा संकोच पोलिसांच्या भयापेक्षा अधिक सूक्ष्म असला, तरी मुलाच्या मनाचा विचार त्यातही दुय्यमच होता. जपला जाई तो मोठ्यांचा आब.

१९८३ मध्ये मंडळाचे नाव बदलले, पालकांच्या देखरेखीची अट घालणारा ‘यूए’ वर्ग आला, आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्याच्या ७, १३ व १६ वर्षे अशा तीन पायऱ्या झाल्या. म्हणजे निवाड्याची सनद शतकानंतर पुन्हा गॅलरीकडेच सुपूर्द झाली.

एका जागी मात्र हे सारे कायदे तहकूब असत. गणेशोत्सवात लालबाग-परळच्या गल्ल्यांत पांढरे कापड ताणून, रस्त्यावर सतरंज्या टाकून चित्रपट दाखवीत, तेव्हा कोणाचे वय कोण पाहणार? पुढची जागा मोठ्यांनी अडवलेली असल्यामुळे पोरे कापडाच्या पाठीमागे जाऊन बसत. तेथून तो दाखला उलटा दिसे, रिळांचा आकडा वाचायला मान वाकडी करावी लागे, आणि साऱ्या जगाला चकवणारा हेर डाव्या हाताने पिस्तूल झाडी.