आधी जीव की आधी हाड? खानदेशच्या महामार्गांवरील एका प्रश्नाचा इतिहास

१/ धुळ्याजवळ दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात: मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर. जुन्या क्रमांकांनुसार राष्ट्रीय महामार्ग ३ आणि ६. सुरतेहून आलेला रस्ता पुढे पारोळा, एरंडोलमार्गे जळगाव-भुसावळकडे जातो. या रस्त्यांवर जखमी झालेला माणूस व्हेंटिलेटरवर असतो आणि त्याच्या मांडीचे हाड मोडलेले असते, तेव्हा डॉक्टरांपुढे एक प्रश्न उभा राहतो: हाड आजच जोडायचे, की जीव स्थिरावेपर्यंत थांबायचे?

२/ प्रश्न साधा दिसतो, पण दोन्ही बाजूंनी चूक झाली तर रुग्ण दगावू शकतो. मांडीचे हाड मोडले की कातडी न फाटताही लिटर-दीड लिटर रक्त आतल्या आत वाहून जाऊ शकते. या प्रश्नाचे वैद्यकाने दिलेले उत्तर गेल्या शतकभरात अनेकदा बदलले.

३/ प्राचीन उत्तर होते, ‘हलू देऊ नका’. सुश्रुतसंहितेत भग्नचिकित्सेवर स्वतंत्र अध्याय आहे. झाडांच्या सालींच्या पट्ट्यांनी अवयव बांधणे त्यात येते. तसेच ‘कपाटशयन’ही येते. पायाचे हाड मोडलेल्या रुग्णाला फळीवर निजवून, पाच खुंट्यांच्या आधाराने बांधून ठेवण्याची ही पद्धत. तत्त्व अचूक होते. मात्र त्यासाठी रुग्ण तेवढे दिवस जगणे आवश्यक होते.

४/ लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस यांनी एकोणिसाव्या शतकात पायासाठी लोखंडी कड्याची आधारपट्टी घडवली. पहिल्या महायुद्धात रॉबर्ट जोन्स यांनी तिचा आग्रह धरला. गोळी लागून मांडी मोडलेल्या सैनिकांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आत आले, असे परंपरेने सांगितले जाते. पहिल्या आकड्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण रणांगणावरच पाय स्थिर केल्याने प्राण वाचतात, हा धडा टिकला.

५/ मग रुग्णालयात पोहोचल्यावर शस्त्रक्रिया का टाळली जाई? कारण होते चरबी. १८६२ मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ झेंकर यांना चिरडून मृत्यू पावलेल्या एका रेल्वे कामगाराच्या फुप्फुसांत चरबीचे कण आढळले. मोडलेल्या हाडांतील मज्जेची चरबी रक्तावाटे फुप्फुसांत पोहोचू शकते, हे पुढे स्पष्ट होत गेले. अशा रुग्णाच्या हाडात आणखी ढवळाढवळ नको, अशी भीती रूढ झाली.

६/ १९३९ मध्ये जर्मनीतील कील येथे गेरहार्ड कुंट्शर यांनी मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब सळई ठोकून ते जोडले. आज घरोघरी ‘पायात रॉड टाकलाय’ म्हणतात, त्या रॉडचा हा पूर्वज. युद्धकैदेतून परतलेल्या दोस्त सैनिकांच्या पायांत अशा सळया दिसल्या, तेव्हा पाश्चात्त्य डॉक्टर चकित झाले. तरीही अत्यवस्थ रुग्णाला सळई घालण्यास शल्यचिकित्सक दीर्घकाळ कचरत राहिले. असा रुग्ण पायाला वजने टांगून आठवडेच्या आठवडे उताणा पडून राही.

७/ दरम्यान १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली. ब्यॉर्न इब्सेन यांच्या पद्धतीने वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने हाताने फुगा दाबून रुग्णांना श्वास देत राहिले. आधुनिक अतिदक्षता विभागाची सुरुवात येथून मानली जाते. यामुळे एरवी काही तासांत दगावणारे अपघातग्रस्तही दिवसेंदिवस जगू लागले आणि ‘हाड केव्हा जोडावे’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने जन्मला.

८/ १९८९ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथून मांडीचे हाड मोडलेल्या १७८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाचे हाड २४ तासांत स्थिर केले, दुसऱ्याचे ४८ तासांनंतर. अनेक अवयवांना इजा झालेल्यांत विलंब झालेल्या गटाला फुप्फुसांचे विकार अधिक जडले आणि अतिदक्षता विभागातील मुक्कामही लांबला. प्रमुख संशोधकांचे आडनाव होते बोन, म्हणजेच ‘हाड’! ‘शस्त्रक्रिया सोसणार नाही इतका आजारी’ हा विचार उलटला: शस्त्रक्रिया टाळणे परवडणार नाही इतका आजारी.

९/ पण हेही अर्धसत्य ठरले. १९९३ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हरच्या पापे व सहकाऱ्यांनी दाखवले की, छातीला गंभीर मार असलेल्या रुग्णात पहिल्याच दिवशी पोकळी कोरून सळई घातल्यास फुप्फुसे निकामी होण्याचा धोका वाढू शकतो. अपघात हा शरीरावरचा पहिला आघात. मोठी शस्त्रक्रिया हा दुसरा.

१०/ मधला मार्ग नौदलाच्या भाषेतून आला. भोक पडलेले जहाज भर समुद्रात नवे करीत नाहीत; ते बंदरापर्यंत तरंगते ठेवतात. हे ‘डॅमेज कंट्रोल’ अस्थिशल्यात आले. कातडीबाहेरून हाडात पिना घालून त्या बाहेरच्या दांड्यांना जोडायच्या. बाल्टिमोरच्या २००० सालच्या अभ्यासात या चौकटीला सुमारे ३५ मिनिटे लागली व ९० मिलिलिटर रक्त गेले. सळईला सुमारे १३५ मिनिटे आणि ४०० मिलिलिटर. शरीर ऊबदार झाले, रक्त गोठू लागले, आम्लता उतरली की मग सळई.

११/ आता पुन्हा खानदेशात. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चे. तिथे जायला औट्रम किंवा अजिंठ्याचा घाट ओलांडावा लागे. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले १९८९ मध्ये, म्हणजे डॅलसच्या अभ्यासाच्याच वर्षी. जळगावला असे महाविद्यालय २०१८ मध्ये आले. बोन यांचे २४ तास येथे घाट आणि किलोमीटर यांतूनही वजा होत असत.

१२/ २०१४ मध्ये राज्यात १०८ रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. ९३७ पैकी २३३ वाहने प्रगत जीवरक्षक सुविधांची होती. त्याआधी २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या टप्प्यात ज्या ८ जिल्ह्यांत आली, त्यांत धुळे होते. आज तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. बहुआघाताचे उपचार तिच्या कक्षेत आहेत. दोनदा शस्त्रक्रिया म्हणजे दोनदा खर्च, हे लक्षात घेतले की या तरतुदीचे मोल कळते.

१३/ ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडकत हॉटेलात घुसला. किमान १० जणांचा मृत्यू झाला. अशा वेळी अनेक जखमी एकदम दाखल होतात. तेव्हा अर्ध्या-पाऊण तासात बसणारी बाहेरची चौकट जिल्हा पातळीवर विशेष उपयोगी ठरते: पाय स्थिर होतो, रक्तस्राव आटोक्यात येण्यास मदत होते आणि रुग्णाला पुढे हलवता येते.

१४/ अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना त्या लोखंडी दांड्या पाहून वाटते, ‘हे तर अर्धवटच केले.’ प्रत्यक्षात त्या दिवशी तेवढेच करणे हा पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय असू शकतो. ‘ऑपरेशन केव्हा?’ याचे उत्तर आज घड्याळाइतकेच रक्ताच्या तपासण्या, फुप्फुसे आणि शरीराची ऊब यांवर ठरते. आणि रस्त्यावरच्या माणसासाठी उत्तर अजूनही थॉमस यांचेच आहे: १०८ ला कळवावे आणि मोडलेला पाय आधार दिल्याशिवाय हलवू नये.