मंद आचेवरील मांस : एका पक्वान्नाचा इतिहास

नाताळ असो, लग्नाचा मांडव असो की गावच्या चर्चचा सण असो, आपल्या ख्रिस्ती घरांत डुकराच्या मांसावाचून मेजवानी पुरी होत नाही. परदेशी राहून आलेली आपली मुले-मुली अलीकडे ‘पुल्ड पोर्क’ नावाचा एक पदार्थ घरी करू लागली आहेत. चाकू न लावता नुसत्या काट्याने किंवा बोटांनी विसकटताच ज्याच्या रेषा सुट्या होतात, असे हे मऊसूत मांस. त्याची कृती पुष्कळांच्या हाती पोहोचली आहे. त्यामागचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही. तो सांगण्याजोगा आहे, आणि त्यात आपण विचार करावा असेही काही आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम पदार्थाची ओळख करून घेऊ. डुकराच्या पाठीकडील मांस मूळचेच कोवळे असते, म्हणून ते महाग. पुढच्या पायाच्या वरचा खांदा हा जनावराच्या कष्टाचा अवयव. त्याचे स्नायू राठ असतात व त्यांना बांधून ठेवणारे कोलॅजेन नावाचे चिवट द्रव्य त्यात भरपूर असते. भराभर भाजल्यास असे मांस चामड्यासारखे लागते. त्यामुळे खांदा स्वस्त, आणि म्हणूनच तो गरिबांच्या वाट्याला आला. परंतु हेच मांस मंद आचेवर तासन्‌तास ठेवले तर कोलॅजेन विरघळते, त्याचे जिलेटिन होते, आणि जो भाग सर्वांत चिवट तोच सर्वांत रसाळ होऊन बसतो. पुल्ड पोर्कचे सारे रहस्य एवढेच.

अमेरिका खंडात मुळात पाळीव डुक्कर नव्हते. १४९३ साली कोलंबस दुसऱ्या सफरीवर निघाला, तेव्हा त्याने कॅनरी बेटांतील ला गोमेरा येथून आठ डुकरिणी जहाजावर घेतल्या, असे बार्तोलोमे दे लास कासास या डोमिनिकन धर्मबंधूने लिहून ठेवले आहे. कॅरिबियन बेटांत ही प्रजा झपाट्याने वाढली. १५३९ साली एर्नांदो दे सोतो हा स्पॅनिश सरदार फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्याच्यासोबत तेरा डुकरिणी होत्या. तीन वर्षांनी, १५४२ साली, मिसिसिपी नदीच्या काठी त्याला मरण आले, तेव्हा त्याच्या मालमत्तेत सुमारे सातशे डुकरे मोजली गेली. अमेरिकेच्या दक्षिणेतील अरण्यांत ओकची फळे खाऊन आपोआप पोसले जाणारे हे जनावर पुढे तेथील गोरगरिबांचे मुख्य मांसान्न झाले.

जनावर युरोपचे, पण भाजण्याची तऱ्हा तेथल्या मूळ रहिवाशांची. कॅरिबियन बेटांतील ताइनो लोक लाकडी काठ्यांचा माचा उभारीत, त्यावर मासे व मांस ठेवीत आणि खालून मंद धग देत. त्या माच्याचे नाव स्पॅनिश लोकांनी ‘बार्बाकोआ’ असे नोंदविले. त्यावरूनच आजचा ‘बार्बेक्यू’ हा शब्द आला. पुढे व्हर्जिनिया आणि कॅरोलिना येथील इंग्रज वसाहतींत माच्याच्या जोडीला जमिनीत खणलेला लांबट चर आला. चरात ओक व हिकरी या झाडांच्या लाकडांचे निखारे पसरावयाचे, वर काठ्या आडव्या टाकावयाच्या आणि त्यांवर अख्खे जनावर रात्रभर ठेवावयाचे, अशी पद्धत रूढ झाली.

ही रात्र जागून काढावयाची कोणी? येथेच या पदार्थाच्या इतिहासाला वेदनेची किनार आहे. मोठमोठ्या मेजवान्या बागाईतदार देत, पण चर खणणे, लाकूड फोडणे, निखारे सारणे, जनावर उलटविणे ही कामे दक्षिणेत प्रामुख्याने आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांकडे व त्यांच्या वंशजांकडे असत. जॉर्ज वॉशिंग्टन १७६९ साली अलेक्झांड्रिया येथील बार्बेक्यूला गेले व रात्री तेथेच राहिले, अशी त्यांच्या रोजनिशीत एका ओळीची नोंद आहे. पाहुण्याचे नाव इतिहासाला ठाऊक आहे. चुलीपाशी उभ्या असलेल्यांची नावे कोणी लिहिली नाहीत.

सुदैवाने एक नाव उरले आहे. १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकन सरकारच्या एका लेखन-प्रकल्पाने गुलामगिरी भोगलेल्या वृद्ध स्त्रीपुरुषांना भेटून दोन हजार तीनशेहून अधिक निवेदने लिहून घेतली. त्यांत दक्षिण कॅरोलिनातील वेस्ली जोन्स यांचे निवेदन आहे. १९३७ साली ते सत्त्याण्णव वर्षांचे होते. बार्बेक्यूच्या आदल्या रात्री आपण डोळ्याला डोळा न लावता मांस कसे शिजवीत असू, ते त्यांनी बारकाईने सांगितले आहे. शिरका, काळी मिरी, लाल मिरची, मीठ, लोणी, थोडे सेज, धने, बेझिल, कांदा आणि लसूण असा त्यांचा रस्सा. लांब काठीच्या टोकाला मऊ चिंधी किंवा कापूस गुंडाळून तो रात्रभर मांसाला चोपडावयाचा. जो रस निखाऱ्यांवर ठिबके त्याचाच सुगंधी धूर होऊन मांसात मुरे. ज्याला स्वतःच्या देहावर हक्क नव्हता, त्या माणसाच्या हाती केवढी विद्या होती! आजचे नामांकित बल्लवही याहून वेगळे काही सांगत नाहीत.

१८६५ साली गुलामगिरी संपली, पण विद्या हातांत राहिली. ती प्रांताप्रांतांत निराळी होत गेली. उत्तर कॅरोलिनाच्या पूर्व भागात अख्खे डुक्कर भाजून त्यावर केवळ शिरका व मिरचीचे पाणी घालतात. त्याच राज्याच्या पश्चिमेस, लेक्सिंग्टनच्या परिसरात, फक्त खांदा घेतात व शिरक्यात थोडा टोमॅटो मिसळतात. दक्षिण कॅरोलिनाच्या मध्यभागी मोहरीचा पिवळा रस्सा आवडीने खातात. हेमिंग्वे या खेड्यात कुटुंबाच्या भट्टीवर लहानपणापासून राबलेले कृष्णवर्णीय बल्लव रॉडनी स्कॉट यांना २०१८ साली जेम्स बियर्ड पारितोषिक मिळाले.

देवालयांशीही या मांसाचे नाते जडले आहे. केंटकी राज्यातील फॅन्सी फार्म या गावी संत जेरोम यांचे कॅथोलिक चर्च आहे. तेथील धर्मग्रामाची सहल १८८० पासून चालत आली असून डुकराचे व मेंढीचे मांस रात्रभर निखाऱ्यांवर भाजून ती साजरी होते. उत्तर कॅरोलिनातील मॅलर्ड क्रीक येथील प्रेस्बिटेरियन मंडळीने १९२९ पासून अशाच मेजवानीतून निधी उभारला. आपल्या सणांच्या पंगतींची आठवण यावी अशीच ही रीत.

परंतु पंगत मांडणे आणि पंगतीत बसू देणे यांत अंतर असते. दक्षिण कॅरोलिनात ‘पिगी पार्क’ नावाची बार्बेक्यूची उपाहारगृहे होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वर्णावरून भेद करण्यास बंदी घातल्यानंतरही तेथे कृष्णवर्णीयांना आत बसवून वाढण्यास नकार देण्यात आला. अ‍ॅन न्यूमन या कृष्णवर्णीय महिलेने इतरांसह दावा लावला. वर्णांची सरमिसळ करणे आपल्या धर्मश्रद्धेच्या विरुद्ध आहे, असा बचाव मालकाने केला! १९६८ साली वकिलाच्या खर्चाच्या प्रश्नावरून हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने तो बचाव पोरकट ठरविला आणि न्यूमन यांच्या बाजूने निकाल दिला. ज्यांच्या पूर्वजांनी ही विद्या जपली त्यांनाच तिच्या घासापासून दूर ठेवावयाचे, आणि वर देवाचे नाव घ्यावयाचे, याहून मोठी विटंबना कोणती? आपण कॅथोलिकांनीही येथे मान ताठ ठेवण्याचे कारण नाही. १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम विकले होते.

आता घरच्या कृतीकडे वळू. हाडासह सुमारे दोन किलोचा खांदा आणावा. किलोमागे पंधरा ग्रॅम मीठ, त्यात मिरपूड, लाल तिखट व थोडा गूळ मिसळून आदल्या रात्री चोळून ठेवावे. सकाळी ओव्हन सुमारे १२० अंश सेल्सिअसवर ठेवून त्यात मांस झाकून ठेवावे. सहा-सात तास सहज लागतात. मांस उघडे ठेवून भाजले तर आतील उष्णता ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान बराच वेळ अडून राहते. पृष्ठावरील पाणी वाफ होऊन उडत असते व ते उष्णता खाऊन टाकते, म्हणून असे होते. घाबरून आच वाढवू नये. आतील उष्णता ९३ ते ९५ अंशांना पोहोचली आणि हाड नुसते ओढताच निसटले, की मांस झाले. अर्धा-पाऊण तास तसेच राहू द्यावे, मग दोन काट्यांनी रेषा सुट्या कराव्यात. टोपात साठलेला रस आणि मीठ, साखर व लाल मिरची घातलेला शिरका त्यावर शिंपडावा. ओव्हन नसल्यास प्रेशर कुकर आहेच. त्यातील वाफ शंभर अंशांपलीकडे जात असल्याने काम लवकर होते. धुराचा वास तेवढा मिळत नाही.

शिरका आणि डुकराचे मांस ही जोडी आपल्याला परकी नाही. पोर्तुगीज लोक मांस द्राक्षासव किंवा शिरका व लसणीत मुरवीत. तीच रीत गोव्यात ‘विंदालू’ झाली आणि १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली राहिलेल्या वसईच्या टापूत ईस्ट इंडियन घरांचे ‘इंदियाल’ झाली. त्यात पडणारी लाल मिरचीही अमेरिकेचीच देणगी. म्हणजे कॅरोलिनाच्या चरावरील मांस आणि आपल्या चुलीवरील इंदियाल ही एकाच जुन्या सागरी उलाढालीची दूरची भावंडे होत.

आमची वाचकांना एक विनंती आहे. आपल्या धर्मग्रामांच्या महोत्सवी स्मरणिकांत चर्चच्या बांधकामाला देणग्या देणाऱ्यांची नावे आपण आवर्जून छापतो. सणाच्या आदल्या रात्री मोठ्या टोपांपाशी जागणाऱ्या, मसाला कुटणाऱ्या, कोणता मसाला कधी घालावा हे तोंडपाठ असलेल्या मावश्या आणि काका त्यांत कोठे दिसत नाहीत. त्यांपैकी जे हयात आहेत त्यांच्यापाशी वही घेऊन बसावे. पाककृती तर लिहून घ्यावीच. तिच्या माथ्यावर त्यांचे पूर्ण नाव आणि गावही लिहावे. वेस्ली जोन्स यांच्यापाशी कोणी तरी सत्त्याण्णवाव्या वर्षी जाऊन बसले, म्हणून आज आपण त्यांचे नाव घेऊ शकतो.