सुरतेचा मासा, बर्लिनचे बारसे

सुरत म्हटले की मराठी माणसास १६६४ साल आठवते. मत्स्यविद्येच्या इतिहासातही सुरतेचे नाव कोरलेले आहे, ही गोष्ट मात्र फारशी कोणास ठाऊक नसते. बर्लिनचे वैद्य मार्कस एलीझर ब्लॉख (१७२३–१७९९) यांनी १७९० साली एका भारतीय माशास ‘सुरातेन्सिस’, म्हणजे सुरतेचा, असे नाव दिले. गोव्यात काळुंदर आणि केरळात करिमीन म्हणून जो ताटात येतो, तोच हा. पुढे १७९५ मध्ये ब्लॉख यांनी त्याच्या धाकट्या भावंडाचेही बारसे उरकले. बोटभर लांबीच्या त्या नारिंगी-पिवळ्या माशास ‘माक्युलाटस’, म्हणजे ठिपक्यांचा, हे नाव मिळाले. घरच्या काचपेटीत ‘ऑरेंज क्रोमाइड’ म्हणून पाळतात तो हाच. दोघेही सिक्लिड कुळातील असून त्यांचे जवळचे आप्त आज मादागास्करमध्ये आढळतात.

ब्लॉख हिंदुस्थानात कधी आले नाहीत. त्यांच्या हाती आले ते निर्जीव नमुने. त्यांवरून त्यांनी आकार व रंग टिपले, परांचे काटे मोजले. जिवंत माशाचा संसार त्यांस दिसणे शक्यच नव्हते. तो दिसण्यास काचेची पेटी घडावी लागली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यगृह १८५३ साली उघडले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली.

या संसाराची रीत अशी. नर-मादी मिळून एखादा दगड स्वच्छ करतात. त्यावर मादी अंडी घालते, आणि दोघे आळीपाळीने परांनी पाणी हालवून त्यांस वारा घालतात. पिल्ले बाहेर पडली की त्यांस वाळूत खणलेल्या खळग्यांत ठेवतात. पोहू लागलेली पिल्ले आईबापांच्या अंगास चाटून जातात व त्यांच्या त्वचेवरील बुळबुळीत स्राव खातात. वॉर्ड आणि बार्लो यांनी या वर्तनाचा अभ्यास १९६७ साली प्रसिद्ध केला. बारशानंतर तोवर १७२ वर्षे उलटली होती!

दिल्लीत मासे पाळणाऱ्या आम्हा मंडळींची दृष्टी बहुधा परदेशी सिक्लिडांकडे वळते. ओरिनोको नदीच्या खोऱ्यातील ‘रॅम’ मासा, ज्याचे शास्त्रीय नामकरण १९४८ साली झाले, तो दिसावयास देखणा खरा. परंतु त्यास मृदू पाणी लागते, आणि दिल्लीच्या कूपनलिकांचे पाणी बहुधा जड. आमचा क्रोमाइड खाडीच्या मचूळ पाण्यातही राहणारा असल्याने त्यास जड पाण्याचे वावडे नाही. हिवाळ्यात पाणी ऊबदार राखण्याची तजवीज मात्र त्यासही हवीच.

या कुळाच्या वात्सल्याची दुसरीही बाजू आहे. अन्नोत्पादन वाढावे म्हणून १९५२ साली मोझांबिक तिलापिया हा आफ्रिकी सिक्लिड भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळते. त्यामुळे बरीच पिल्ले जगतात आणि तळी भरून जातात. हा धोका ओळखून १९५९ साली त्याच्या प्रसारास मनाई झाली, तोवर तो बराच पसरला होता. त्याचा भाईबंद नाईल तिलापिया आज यमुनेतही सापडतो व देशी माशांच्या अन्नात वाटेकरी होतो.

आम्हा नोकरदारांस हा इतिहास विशेष ध्यानी ठेवणे प्राप्त आहे. बदलीचा हुकूम आला की सामान बांधावे लागते, आणि पाण्याने भरलेली पेटी गाडीत चढत नाही. अशा वेळी मासे यमुनेत सोडून देणे पुष्कळांस दयेचे वाटते. वस्तुतः नव्या पाण्यात ते एक तर मरतात, नाही तर तिथल्या माशांस जड जातात. क्रोमाइड आपल्या देशाचा खरा, पण दक्षिणेच्या खाड्यांचा. यमुनेस तोही परकाच. म्हणून जोडी पाळण्यापूर्वीच, आपल्यामागे ती कोण सांभाळील, हे ठरवून ठेवावे. शेजारचा एखादा हौशी गृहस्थ पुरेसा आहे.